पडलो न्हाई, टेकलोय

एकूण १,२१२ पडणी होती.

जिन्यावरून ३११, खुर्चीवरून २०४, शिडी किंवा टेबलावरून ९७, सपाट जमिनीवर ५२९. उरलेली ७१ कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. त्यांत पाण्याचा हौद होता, पिंप होतं, नवरदेवाचं घोडं होतं आणि दोनदा वरमाई होती. हे सगळं एकाच माणसाचं पडणं होतं. 'गुरुवारचा गोंधळ' हा टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम बावीस वर्षं चालला, त्याचे ४८६ भाग झाले, आणि प्रत्येक भागात पोस्टमन पडवळ किमान एकदा पडला. प्रहसन कोर्टातलं असो, लग्नातलं असो की दवाखान्यातलं, मध्येच खाकी शर्टातला पडवळ उजव्या हातात पाकीट घेऊन शिरायचा, "रजिस्टर हाय, सही करा" म्हणायचा आणि आदळायचा. अंग जमिनीवर, उजवा हात हवेत. पाकीट जमिनीला लागलं अशी पडणी शून्य. मग तो पडल्या पडल्याच म्हणायचा, "पडलो न्हाई, टेकलोय!" हे वाक्य न म्हटलेली पडणीही शून्य.

प्रत्येक पडण्यानंतर प्रेक्षक किती सेकंद हसले, तेही मी मोजलं होतं. कार्यक्रम खऱ्या प्रेक्षकांसमोर व्हायचा आणि त्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वेगळं ठेवलेलं होतं.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागले होते. आम्ही 'चाहूल' नावाचं यंत्र बनवत होतो. बशीएवढी चकती, घराच्या छताला चिकटवायची. तिच्यात कॅमेरा नाही. वटवाघूळ जसं आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत ओळखतं, तशी ती मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींवरून खोलीतलं शरीर कुठे आहे, किती वेगाने खाली जातंय हे ओळखते. सोबत एक मायक्रोफोन. एकटं राहणारं म्हातारं माणूस पडलं की मुलांना, शेजाऱ्यांना आणि रुग्णवाहिकेला एकदम हाक जायची.

पडणं ओळखणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते न पडणं ओळखणं. म्हातारी माणसं सोफ्यावर धपकन बसतात, जेवायला मांडी घालताना शेवटचं वीतभर अंतर अंग सोडून देतात, नातवाला पाठीवर घेऊन लोळतात. अशा प्रत्येक वेळी रुग्णवाहिका आली तर लोक पंधरा दिवसांत यंत्र काढून टाकतात. म्हणून यंत्राला शिकवायला दोन्ही नमुने हवे होते. इजा झालेली पडणी आम्हाला वृद्धाश्रमांतून मिळाली, ३८८. इजा न झालेली पडणी कुणाकडेच नव्हती. पडवळकडे १,२१२ होती.

चित्रफितींतली त्याची हालचाल मोजून आम्ही ती यंत्राच्या लहरींच्या भाषेत उतरवली. त्या नमुन्यांना किती वजन द्यायचं, हा नियम मी लिहिला. एका ओळीचा होता. लोक हसले, म्हणजे माणूस सुखरूप होता. जितका जास्त वेळ हसले, तितका तो नमुना यंत्राने अधिक खात्रीने निरुपद्रवी धरावा.

पडवळचं काम करणाऱ्या नटाचं नाव सर्जेराव इंगवले. त्यांच्या संमतीची सही घ्यायला मी कोल्हापूरला गेले, तेव्हा त्यांना बहात्तरावं लागलं होतं. दार त्यांच्या पत्नीने, शालनकाकूंनी उघडलं.

"ये, बस पोरी. दूध उतू जाईल, गॅस बंद करून आलो."

'आलो' ऐकून मला क्षणभर वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग हॉस्टेलवरची कोल्हापूरची मैत्रीण आठवली. इकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मला गंमत वाटली आणि मी ते तिथेच विसरले.

मी कागद पुढे केला तशी काकांनी माझ्याकडेच बोट रोखलं. "रजिस्टर हाय, सही करा! उलटंच झालं की आज. पोस्टमन तू आन् गिऱ्हाईक मी."

काकू बाजूला पडवळचा खाकी शर्ट मांडीवर घेऊन बटण लावत होत्या. कुठल्याशा प्रदर्शनात तो ठेवायचा होता. त्याच्या कोपरांवर रफूचे चौकोन होते, एकावर एक.

मी छताला चाहूल चिकटवली आणि काकांना एकदा पडून दाखवायला सांगितलं. ते सतरंजीच्या कडेला अडखळले आणि गेले. डोकं जमिनीजवळ यायला ०.७ सेकंद लागले. उजवा हात वर होता, त्यात माझाच कागद.

"हात कसा काय वर राहतो?" मी विचारलं. तोल गेला की हात आपोआप पुढे येतात. हे मेंदूला विचारून होत नाही, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होऊन जातं. ते रोखणं मला अशक्य वाटत होतं.

"दोन वर्सं गादीवर पडलोय त्यासाठी. ह्या हाताला सांगितलं, बाबा, तू ह्या अंगाचा न्हाईस." ते उठून बसले. "लिहून घे पोरी. पडायला काय, येडंबी पडतंय. न पडता पडून दावायचं म्हंजे अक्कल लागती. बावीस वर्सांत हा माणूस येकदाबी पडला न्हाई."

"आवं, पुरं की आता," काकू म्हणाल्या. "वय बघा."

"अगं, पडतोय कुठं? टेकतोय."

काकूंनी दाताने दोरा तोडला.

अकरा महिन्यांत चाहूल एक्केचाळीस हजार घरांत गेली. जाहिरातीत सर्जेकाकाच होते. खोट्या हाकांचं प्रमाण तीन महिन्यांत घरटी एक, इतकं कमी होतं. कौस्तुभ सरांनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, तो आकडा चौकटीत घालून भिंतीवर लावला.

मार्चमधल्या एका मंगळवारी सर्जेकाका इचलकरंजीला सत्काराला गेले होते. तिथे त्यांनी स्टेजवर पडून दाखवलं. दुपारी चार पन्नासला ते घरी परतले, तेव्हा शालनकाकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी फरशीवर होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या सकाळी दहा चाळीसला पडल्या होत्या. वेळ इतकी नेमकी मला माहीत आहे, कारण यंत्राने ती नोंदवली होती.

'पतन ओळखले. स्वरूप: निरुपद्रवी. खात्री: ९७ टक्के. हाक: नाही.'

सहा तास दहा मिनिटं. हाड मोडण्यापेक्षा हा वेळच घातक असतो. माणूस कठीण जमिनीवर एकाच कुशीवर तासन् तास पडून राहिला, की अंगाच्या भाराखाली दबलेले स्नायू मरू लागतात. त्यांतलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतं. माणूस उचलला जातो, बोलतो, पाणी मागतो, आणि दोन दिवसांनी त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. काकूंची गुरुवारी पडली.

यंत्र प्रत्येक पडण्यानंतरचा पाच सेकंदांचा आवाज जपून ठेवतं. मी तो ऐकला. आधी भांडं गडगडल्याचा आवाज. मग धाप. मग रिकाम्या घरात काकूंचा आवाज, अगदी स्पष्ट: "पडलो न्हाई, टेकलोय."

त्यानंतर मी तक्रारी काढल्या. यंत्राने निरुपद्रवी ठरवलेली आणि प्रत्यक्षात माणूस दवाखान्यात गेलेली आणखी चौदा पडणी निघाली. त्यांतले चार जण आता हयात नव्हते. चौदापैकी अकरा बायका होत्या, आणि सगळ्या कोल्हापूर, सांगली, निपाणीकडच्या. मी एकेक आवाज लावला. चौदाही जणांनी तेच वाक्य म्हटलं होतं.

पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला आधी लाज वाटते, दुखतं नंतर. बावीस वर्षं घराघरांत कुणी घसरलं की हे वाक्य म्हणायची पद्धत पडली होती. पडलेलाच म्हणायचा, म्हणजे बाकीचे हसायचे आणि त्याची सुटका व्हायची. आमच्या यंत्राला हे कुणी शिकवलं नव्हतं. १,२१२ निरुपद्रवी पडण्यांत १,२१२ वेळा तेच शब्द होते, म्हणून ते स्वतःच शिकलं. पुण्या-नाशिकच्या बायकाही तेच म्हणत होत्या, पण त्या 'पडले नाही, टेकलेय' म्हणत. ते शब्द पडवळच्या शब्दांशी जुळत नव्हते, म्हणून तिथे हाक गेली. कोल्हापूरच्या बायका 'टेकलोय' म्हणतात. हुबेहूब पडवळसारखं.

कौस्तुभ सरांनी त्याच संध्याकाळी यंत्राला शब्द ऐकणं बंद करायला लावलं. मग आम्ही ती पंधरा पडणी पुन्हा त्याच्यासमोर ठेवली. नऊंना हाक गेली. सहा तरीही निरुपद्रवीच ठरली. त्यांत काकूंचं पडणं होतं.

"म्हणजे शब्दच नाही फक्त," मी म्हटलं. "हालचालही शिकलंय. पाय नीट उचलला जात नाही, अंगठा घासतो, मग गुडघा जातो. हे सोंग नाहीये सर. असं पडणं आपल्या निरुपद्रवी नमुन्यांत कुठेतरी आहे."

"कुठे?"

जुळणी केली, तर शेवटच्या नऊ वर्षांतले भाग वर येत होते. त्यांत पडवळ पाचशेहून अधिक वेळा पडला होता. मी ते चित्र थांबवून थांबवून पाहिलं. मला फरक कळेना. दर वेळी पाकीट हवेत होतं.

"सगळीच काढून टाकू पडवळची," मी म्हणाले.

"मग घरटी आठवड्याला चार खोट्या हाका. लोक वायर उपटतील, ऋजुता. आत्ता सहा सुटतायत, मग एकही सापडणार नाही. कुठली खरी ते शोध. ज्याला माहीत आहे त्याला विचार."

ज्याला माहीत होतं तो माणूस कोल्हापुरात दवाखान्यात, बायकोच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता. काकूंच्या मानेत नळी होती, बाजूला डायलिसिसचं यंत्र फिरत होतं. मी सगळं सांगितलं. शब्दांचं सांगितलं तेव्हा काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मी विचारलं, "काका, तुम्ही कधी खरंच पडला होता का? शेवटच्या काही वर्षांत?"

हात खाली आले. "न्हाई."

"काका, एक्केचाळीस हजार घरं आहेत."

"न्हाई म्हटलं न्हवं? समदं बसवलेलं काम हुतं. येकेक पाऊल मोजून. विचार कुणालाबी."

"आवं," काकू म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता. "टेकणाऱ्याचं कोपर फाटतंय व्हय?"

"तू गप पडून ऱ्हा."

"पडलोयच की मी." त्या हसल्यासारख्या झाल्या. "रफू कुणी केलं? मी. रगात कुणी धुतलं? मी. तुमी यायचा, म्हणायचा टेकलोय. मी म्हणायचो बरं. तुमचं तोंड बघून म्हणायचो."

"शालन, ही पोर बाहेरची हाय."

"आसू दे. त्या दिवशी फरशीवर माझ्याबी तोंडातनं तेच आलं बगा. कोण हुतं बघायला? कोण न्हाई. तरी तेच आलं."

काका उठले आणि बाहेर गेले. चालताना त्यांचा डावा पाय फरशीला घासला. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, किंवा पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला.

"साखरेनं बधिर झालाय त्यो पाय," काकू म्हणाल्या. "खाली जमीन हाय का न्हाई, कळत न्हाई त्यास्नी. कार्यक्रमाची शेवटची नऊ वर्सं आसंच. त्यांना वाटतंय, मला ठावं न्हाई." त्यांनी दाराकडे पाहिलं. "त्यांच्याकडनं काढून घे पोरी. माझ्याच्यानं न्हाई झालं."

मी त्या दिवशी रिकाम्या हाताने परत आले. नंतरच्या आठवड्यात काकांना सात वेळा फोन केला. त्यांनी उचलला नाही. पडल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी डायलिसिस चालू असताना शालनकाकू गेल्या. त्याच आठवड्यात मिरजेच्या एका बाई पडल्या. हालचाल त्याच सहांसारखी होती. हाक गेली नाही. त्यांची सून योगायोगाने भाजी घेऊन लवकर परतली, म्हणून त्या वाचल्या.

काकूंचं तेरावं झाल्यावर पाच दिवसांनी सर्जेकाका आमच्या ऑफिसात आले. न कळवता. हातात कापडी पिशवी होती. त्यांनी ती माझ्या टेबलावर उलटी केली. तीन खाकी शर्ट, प्रदर्शनाचा धरून.

"हिनं ट्रंकेत ठिवले हुते," ते म्हणाले. "धुऊन, घडी घालून. मी म्हटलं हुतं टाकून दे." मग खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले. "लाव. आवाज बंद कर. ते हसणं नको."

चार दिवस ते बसले. मी पडणं लावायचे, ते बघायचे आणि बोट हलवायचे. "ह्यो न्हाई. ह्यो न्हाई. ह्यो मस्त जमलेला, पण न्हाई." पहिली सहाशे तर त्यांनी कारागिराने जुनं काम बघावं तशी बघितली. कुठे गुडघा उशिरा वाकला, कुठे समोरच्या नटाने घाई केली, ते सांगायचे. मला वाटायला लागलं की एकही निघणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाग २८८ आला. प्रहसन दवाखान्यातलं, तीन पायऱ्यांचा जिना. पडवळ आला, मधल्या पायरीवरून गेला, हात वर.

"ह्यो," काका म्हणाले.

मी परत लावलं. मला आधीच्यासारखंच दिसलं.

"ह्यो बसवलेला न्हवता. खालच्या पायरीवर पडायचं ठरलं हुतं. पाय टेकला आसं मला वाटलं, आन् तिथं पायरीच न्हाई." त्यांनी आपल्याच स्थिर चित्राकडे पाहिलं. "हात वर गेला तेवढा. सवयीनं. मग बोललो. लोकं हसली. लोकं हसली की मलाबी वाटायचं, टेकलोच आसन."

"कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगू? पडवळ पडला म्हणून?"

त्यानंतर खरी पडणी लवकर लवकर येऊ लागली. एकात बरगडी मोडली होती. त्यात पडवळ उठून सही घेतो, सलाम करतो आणि दारातून जाताना पुन्हा पडतो. ते दुसरं पडणंही खरंच होतं. एकात कपाळ टेबलाच्या कडेला लागलं. मेकअपवाल्याने प्रहसन संपायच्या आत टिकलीएवढं रक्त पुसलं, ते दिसतही नाही. काका फक्त 'ह्यो' म्हणायचे आणि मी खूण करायचे. चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचला १,२१२वं पडणं संपलं.

खुणा ४३ झाल्या. मी तीन शर्टांवरचे रफू मोजले. ३८ होते. पाच वेळा कापड फाटलं नव्हतं.

ती ४३ पडणी मी निरुपद्रवी रकान्यातून काढून दुसऱ्या रकान्यात टाकली आणि यंत्राला सगळं पुन्हा शिकवायला लावलं. त्याला अख्खी रात्र लागली. सकाळी काका लॉजवरून आले, तेव्हा तपासणी झाली होती. मिरज धरून सोळा पडणी यंत्रासमोर ठेवली होती, सोळांना हाक गेली. खोट्या हाका घरटी अडीच महिन्यांत एक. कौस्तुभ सरांनी दुपारपर्यंत ते सगळ्या घरांत पाठवलं.

"हिची हाक किती वेळात जाती आता?" काकांनी विचारलं.

"नऊ सेकंदात."

"नऊ." त्यांनी शर्टांच्या घड्या घातल्या, पिशवीत ठेवल्या. काढल्या, परत ठेवल्या. मग म्हणाले, "येक शंका हाय. तू हसणंबी मोजलंयस न्हवं?"

"मोजलंय."

"मला तवा वाटायचं, खऱ्याला लोकं जास्त हसत्यात. मी म्हणायचो मनाचा खेळ आसंल. कुणाला इचारायचं बी कसं." ते उभेच होते, एक हात खुर्चीच्या पाठीवर. "बघून सांग."

मी दोन्ही रकाने वेगळे केले आणि सरासरी काढली.

टेकणी १,१६९. हसू सरासरी ४.१ सेकंद.

पडणी ४३. हसू सरासरी ६.८ सेकंद.